शहाबादीतला पितळी ठिपका: पायराइट कसं ओळखायचं, कसं जपायचं

सोलापूरच्या पायाखाली बेसाल्ट आहे, थिजलेला लाव्हा. त्यामुळे गाळाच्या खडकातलं पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं खनिज, इथल्या विहिरीच्या दगडांत शोधू नका. ते इथं बाहेरून येतं: कलबुर्गीकडच्या चुनखडीच्या शहाबादी फरशीतून, नाहीतर दगडी कोळशाच्या ढेकळातून. फरशीवर मोहरीएवढा पितळी ठिपका आणि त्याभोवती गंजाचं तपकिरी वर्तुळ दिसलं, तर संशय घ्यायला हरकत नाही.

सोनार कस लावतो तसा आधी कस लावा. बाथरूमच्या टाइलची खरखरीत पाठ त्याला पुरते. सोन्याची रेघ सोनेरीच उमटते, पायराइटची हिरवट काळी. मग चाकूचं टोक फिरवा. पायराइटची कठीणता मोह्सच्या १ ते १० मापात ६ ते ६.५, त्यावर साध्या चाकूचा चरा पडत नाही. चाल्कोपायराइटवर (३.५ ते ४) लगेच पडतो. आयुर्वेदातलं सुवर्णमाक्षिक ते हेच, तांबं असलेलं. त्याचीही रेघ हिरवट काळीच, म्हणून नुसत्या रेघेवर विसंबू नका. घनाकार स्फटिक असेल तर भिंगातून पाहा: प्रत्येक बाजूवर बारीक समांतर रेघोट्या, आणि शेजारच्या बाजूवरच्या त्यांना काटकोनात. नखानं पापुद्रा सुटला तर ते अभ्रक.

सुटा खडा असेल तर घनताही काढता येते. समजा खडा २५ ग्रॅमचा आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. खडा दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळता धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा ५ ग्रॅम दाखवेल. २५ भागिले ५ म्हणजे ५, पायराइटची घनता साधारण एवढीच. चाल्कोपायराइट ४.२ च्या आसपास, सोनं १९.३. खड्याला दगड चिकटलेला असेल तर हा हिशोब चुकतो. काम झालं की खडा लगेच पुसून नीट वाळवा.

कारण पायराइटचा खरा शत्रू दमट हवा. लोह आणि गंधकाच्या या संयुगाला ऑक्सिजन आणि बाष्प मिळालं की गंधकाम्ल आणि लोहाची सल्फेटं तयार होतात. खड्यावर पांढरट-पिवळी भुकटी येते, गंधकाचा वास सुटतो, खालचा पुठ्ठा आणि नावाची चिठ्ठी करपल्यासारखी होऊन चुरते. आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की हे झपाट्यानं होतं. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे माणूस गाफील राहतो आणि पावसाळ्यात खडा फुटतो.

म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, लिटरभर डब्याला साधारण ५० ग्रॅम सिलिका जेल टाका. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. त्याबरोबर खडा कधीच तापवू नका, विषारी वायू निघतो. तेल किंवा वार्निशही नको. बाष्प त्यातूनही आत शिरतं आणि बिघाड झाकला जातो. भुकटी आलेला खडा वेगळ्या डब्यात काढा, हातमोजे घालून कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुवू नका.

फरशीवरचा डाग ॲसिडनं घासणं हा सर्रास होणारा मूर्खपणा. ॲसिड चुनखडी खातं, पितळी दाणा तसाच राहतो. दाणा टोकदार छिन्नीनं उकरून काढा, खड्डा कोरडा करून एपॉक्सीनं भरा.