स्क्रू पिळण्याआधी छिद्र पाडावे

घरी फळी किंवा मांडणी तयार करताना लाकूड टोकाशी चिरते, याचे कारण बहुधा लाकडाचा दर्जा नसून, आधी छिद्र न पाडता स्क्रू थेट आत पिळणे हे असते. स्क्रू आत शिरताना लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंना ढकलतो आणि कडेजवळ त्यांना सरकायला जागा नसल्यामुळे ते फाटतात.

छिद्राचा व्यास स्क्रूच्या आट्यांमधील गाभ्याएवढा असावा. 4 मिमी जाडीच्या स्क्रूसाठी पाइनसारख्या मऊ लाकडात साधारण 2.5 मिमी आणि शिसवीसारख्या कठीण लाकडात 3 मिमीचे बिट (ड्रिलचे पाते) पुरते. मात्र आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे. दोन फळ्या जोडायच्या असतील, तर वरच्या फळीतील छिद्र 4.5 मिमीचे ठेवावे, म्हणजे आटे केवळ खालच्या फळीत रुततात आणि वरची फळी तिच्यावर घट्ट ओढली जाते. ही पायरी अनेकजण गाळतात आणि मग सांध्यात राहिलेली फट बुजवायला लांबी (पुट्टी) भरत बसतात.

खोली मोजण्यासाठी बिटवर हव्या त्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळावी. आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळल्यास स्क्रू सहज फिरतो. साबण मात्र ओलावा धरतो व त्यामुळे लोखंड गंजते. पितळी स्क्रू मऊ असल्याने पिळताना तुटतो, म्हणून त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी बसवून काढावा आणि मगच पितळी लावावा.