परंपरा वचनाच्या कसोटीवर कशी पारखावी

जी परंपरा वचनाच्या, म्हणजे बायबलच्या, कसोटीवर पारखायची असेल ती आधी एका वाक्यात कागदावर लिहावी. "उपवासकाळाचे चाळीस दिवस" असे मोघम लिहू नये; "या दिवसांत जो मांस खातो तो देवाची अवज्ञा करतो" असे, आपण मनातून मानतो अगदी तसे लिहावे. पुष्कळदा प्रथा निर्दोष असते आणि अडचण तिला जोडलेल्या सक्तीत असते, पण ती सक्ती शब्दांत उतरेपर्यंत आपल्या लक्षात येत नाही.

मग संबंधित उतारा संपूर्ण अध्यायासह वाचावा. पेन्सिल हातात घेऊन मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला, तर सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी सापडतात, पण पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक किती होते हे कोठेही लिहिलेले नाही, आणि ते आले तेही घरात. नाताळच्या देखाव्यात तिघांना गव्हाणीपाशी उभे करण्यात काही पाप नाही. मात्र आपण काय वाचले आणि काय नुसते पाहत आलो, हे वेगळे करण्याची सवय अशा साध्या उताऱ्यावरच लागते.

शास्त्रात नाही एवढ्यावरून कोणतीही परंपरा टाकू नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायातील रेखाबी घराणे द्राक्षारस पीत नसे, घरे बांधत नसे आणि तंबूंत राहत असे. मोशेच्या नियमशास्त्राने त्यांच्यावर हे बंधन घातले नव्हते, ती त्यांच्या पूर्वजाची आज्ञा होती, तरीही तिच्याशी राखलेल्या निष्ठेबद्दल देवाने त्यांना आशीर्वाद दिला. प्रेषित पौलही थेस्सलनीका येथील विश्वासणाऱ्यांना, तोंडी असोत वा पत्राने असोत, शिकवलेले संप्रदाय, म्हणजे परंपरा, धरून ठेवण्यास सांगतो. प्रेषितांकडून आलेल्या परंपरेला किती अधिकार द्यावा याविषयी मंडळ्यांमध्ये जुना मतभेद आहे: 1546 मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील धर्मसभेने शास्त्र आणि प्रेषितीय परंपरा या दोहोंचा सारख्याच आदराने स्वीकार केला, तर प्रोटेस्टंट सुधारकांनी शास्त्रालाच अंतिम निकष मानले. पुढचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या लोकांनी स्वतःला विचारावा असाच आहे.

तो प्रश्न असा: ही परंपरा पाळताना देवाची कोणती आज्ञा बाजूला पडते? मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू हेच उघड करतो. "माझ्याकडून तुम्हांला जो लाभ व्हायचा तो कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण केलेला आहे," असे मुलाने म्हटले की त्याला आईबापांसाठी काहीही करू दिले जात नसे. अर्पण ही चांगलीच गोष्ट आहे, नवसही शास्त्राला मान्य आहे, आणि तरीही त्या दोहोंच्या आडून आईबापांचा मान राखण्याची आज्ञा रद्द होत होती. म्हणून कागदावरील वाक्याखाली लिहावे की या प्रथेसाठी लागणारा पैसा आणि वेळ कोणाच्या वाट्याचा जातो, आणि ती न पाळणाऱ्या विश्वासू माणसाशी आपण कसे वागतो.

उगम पवित्र असला तरी पारख टाळू नये. पितळेचा साप मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केला होता. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, असे 2 राजे 18 सांगते. उलट, काही रीती काळाबरोबर बदलतात आणि त्यांत बिघडत काहीच नाही. गुडघे टेकल्याशिवाय प्रार्थना खरी नाही असे मानणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की 325 च्या निकियाच्या धर्मसभेने रविवारी उभे राहूनच प्रार्थना करावी असा नियम केला होता, आणि शास्त्रात या दोन्ही रीती आढळतात.

पारख एकट्याने करू नये. बिरुया नगरातील लोक पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकून घेत आणि मग दररोज शास्त्रात शोध करीत. हाच क्रम ठेवावा, म्हणजे परंपरा जपणाऱ्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आधी पूर्ण ऐकावे. निष्कर्ष निघाल्यावर आज्ञेच्या आड येणारी प्रथा प्रथम स्वतःच्या घरात सोडावी आणि मंडळीत पाळकांशी खाजगीत बोलावे. निरुपद्रवी ठरलेली प्रथा आनंदाने पाळावी किंवा सोडावी. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, आणि पौल दोघांनाही आपापल्या मनाची पक्की खात्री करून घेण्यास सांगतो. घरातल्या मुलांना ती प्रथा शिकवताना, ही आपल्या मंडळीची रीत आहे, असे त्याच वेळी सांगावे.