सिंगल माल्टची पहिली बाटली घ्यायची आहे? आधी तीन थर्टी प्या

वाइन शॉपमध्ये जाऊन ‘एखादी चांगली सिंगल माल्ट द्या’ असं म्हणू नका. काउंटरवरच्या माणसाला तुमची जीभ माहीत नाही, खिशाचा अंदाज मात्र बरोबर येतो. मित्रांना विचारलंत तर आणखी पंचाईत. त्यातला एक जण हमखास ‘अठरा वर्षांचीच घे’ म्हणेल आणि दुसरा पहिल्याच रात्री उग्र धुरकट लाफ्रॉयग पाजून मर्दानगीची परीक्षा घेईल.

व्याख्या एकदाच सांगतो. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. स्कॉच असेल तर ती ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोलची असावी लागते. ‘सिंगल’ म्हणजे एका पिंपातली नव्हे. एकाच डिस्टिलरीची शेकडो पिंपं त्यात मिसळलेली असू शकतात. ब्लॅक लेबल ही ब्लेंड आहे, म्हणजे तिच्यात माल्टबरोबर इतर धान्यांची व्हिस्कीही असते. मंकी शोल्डरमध्ये सगळी माल्टच असते, पण एकाहून जास्त डिस्टिलऱ्यांची, म्हणून तीही सिंगल माल्ट नाही. दोन्ही मजेत प्या, आजचा विषय तो नाही.

वय, रंग आणि नकाशा विसरा

बाटलीवरचा १२ किंवा १८ हा आकडा आतल्या सर्वात कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो, चव सांगत नाही. शिवाय हा आकडा हवामानावर अवलंबून असतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते. बंगळुरूला अमृत डिस्टिलरीच्या गोदामात हेच प्रमाण १० ते १२ टक्क्यांवर जातं. तिथे १८ वर्षं ठेवलंत तर पिंपात फारसं काही उरणारच नाही, आणि लाकडाचा अर्क उतरायलाही इतका काळ लागत नाही. म्हणून बहुतेक भारतीय सिंगल माल्टवर वय छापलेलं नसतं. त्यावरून नाक मुरडणाऱ्याचा सल्ला घेऊ नका.

रंगाचं तर बोलूच नका. स्कॉचमध्ये कॅरमल रंग घालायला कायद्यानेच परवानगी आहे, तेव्हा गडद म्हणजे जुनी हे समीकरण तिथेच संपलं.

‘स्पेसाइड गोड, आयला धुरकट’ हे स्कॉटलंडच्या दोन भागांबद्दलचं पाठांतरही अर्धवट. बुनाहाभेन १२ आयला बेटावरची आहे आणि तिच्यात धूर जवळजवळ नाही. बेनरोमाख १० स्पेसाइडची, तरी हलकी धुरकट.

तीन घराणी

नवख्याने एवढंच ठरवायचं असतं: आपली जीभ कुठल्या घराण्याची.

पहिलं बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपांचं. अमेरिकेत बर्बनसाठी नवंच, आतून जाळलेलं ओकचं भांडं लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं तिथून जगभर जातात. त्यांतून व्हॅनिला, मध, पिकलं केळं, ओलं खोबरं असे वास येतात. ग्लेनमोरंजी ओरिजिनल किंवा गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स ही सोपी उदाहरणं. दुसरं शेरीच्या, म्हणजे स्पेनमधल्या कडक वाइनच्या, पिंपांचं: मनुका, खजूर, अंजीर, लवंग-दालचिनी. ग्लेनड्रोनाख १२ चाखली की हे घराणं कळतं. तिसरं पीटचं. बार्ली वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतली कुजकी माती, जाळतात आणि तिचा धूर दाण्यात बसतो. आर्डबेग १०, लाफ्रॉयग १०. चुलीचा धूर, समुद्र, टिंक्चर आयोडीन. काहींना पहिल्या घोटात दवाखाना आठवतो आणि ते चुकत नाहीत.

बहुतेक बाटल्या या तिघांच्या मधे कुठेतरी बसतात. ग्लेनफिडिक १२ मध्ये बर्बन आणि शेरी दोन्ही पिंपं आहेत. म्हणूनच ती कुणाला खुपत नाही, आणि तुमच्या आवडीबद्दल फारसं काही सांगतही नाही.

बाटली न घेता चाखणं

बारमध्ये तिन्ही घराण्यांची एकेक थर्टी, म्हणजे ३० एमएलचा पेग, मागा, बर्फ-सोडा न घालता, पाणी वेगळं. नाहीतर तिघा मित्रांनी वेगवेगळी बाटली आणायची आणि वाटून घ्यायची. क्रम बर्बन, शेरी, पीट असाच ठेवा. धूर एकदा तोंडात बसला की पुढचं काही लागत नाही. चखणा नंतर. शेव आणि मसाला शेंगदाण्यांपुढे कुठलीच माल्ट टिकत नाही, आणि शेजारच्या टेबलावर बोंबील तळून आले असतील तर बैठक पुढे ढकला. मधे मधे साधा पाव किंवा चुरमुरे चालतील.

नाक आणि पाणी: घोळ होतो तो इथे

इथवर सगळे नीट येतात आणि ग्लास हातात आला की गडबडतात. मलाही हीच पायरी सर्वात जड गेली, कारण सांगणारे दोनच प्रकारचे भेटायचे. एक म्हणायचा, ‘पाणी घातलंस तर पैसे वाया’. दुसरा ग्लास सोड्याने काठोकाठ भरून द्यायचा. दोघांचंही ऐकू नका.

ग्लास बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा व्हिस्कीचा खास ग्लास नसेल तर घरातला वाइनचा लहान ग्लास घ्या; सरळ उभ्या ग्लासातून वास उडून जातो. ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. मग ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. नाक आत खुपसलंत तर फक्त स्पिरिट झोंबेल आणि पुढची काही मिनिटं नाक कामातून जाईल. गरागरा फिरवायचं ते वाइनचं. इथे त्याने अल्कोहोलच जास्त वर येतं.

पहिला घोट चवीसाठी नसतोच. थेंबभर घ्या, जिभेवर पसरू द्या, गिळा. तोंडाला सवय होते. ‘जळतंय, मला आवडत नाही’ हा निकाल बहुतेक जण या घोटावर देतात. तो मोजायचाच नाही. दुसरा घोट तोंडात चार-पाच सेकंद धरा.

आता पाणी. चहाच्या चमच्याने घालायचं, बाटलीतून ओतायचं नाही. हिशेब सोपा आहे: ४६ टक्क्यांच्या ३० एमएलमध्ये ५ एमएलचा एक चमचा घातला की ती साधारण ३९ टक्क्यांवर येते. अमृत फ्यूजन ५० टक्क्यांची, ती एका चमच्यात ४३ च्या आसपास. जी मुळातच ४० ची आहे तिला मात्र काही थेंबच पुरतात; तिच्यात चमचा रिकामा केलात तर ३४ वर येते आणि पांचट लागते. ‘सगळ्या व्हिस्कीत एक चमचा’ हा सल्ला म्हणूनच कुचकामी. आधी लेबलवरचा टक्का वाचा, मग चमचा उचला.

पाण्याने वास खरोखर खुलतो, हा मनाचा खेळ नाही. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं की धुरकट वास देणारा ग्वायकॉल हा रेणू तीव्र अल्कोहोलमध्ये आत दडून राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे, म्हणजे तुमच्या नाकाकडे, सरकतो. पीटची व्हिस्की पाणी घालून पाहिल्याशिवाय नाकारू नका, ते याचसाठी.

पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ झाली तर ‘डुप्लिकेट आहे’ म्हणून दुकानदाराशी भांडू नका. थंड करून गाळलेली (चिल फिल्टर्ड) नसेल तर तसं होतं आणि त्यात वाईट काही नाही.

बर्फ या बैठकीपुरता बंद. थंडीने वास दबतो आणि आपण वासच शोधतोय. फक्त ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हे वाक्य ज्या खोलीत जन्मलं ती स्कॉटलंडमधली. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल तर कुठलीही माल्ट रॉकेलसारखी भपकते. एसी लावा, माठातलं पाणी वापरा.

शेवटचं म्हणजे, टिपणं तुमच्या शब्दांत करा. हीदरची फुलं आपण हुंगलेली नाहीत, तेव्हा ती लिहू नका. सुंठ, गूळ, ओली माती, आजोबांचं लाकडी कपाट, जे आठवेल ते.

आता बाटली

ज्या ग्लासाकडे हात पुन्हा गेला ते तुमचं घराणं. त्यातली मधल्या किमतीची बाटली घ्या, जमल्यास ४६ टक्के किंवा वरची आणि ‘नॉन-चिल फिल्टर्ड’ लिहिलेली. धुराबद्दल मन ठरत नसेल तर पॉल जॉनचं त्रिकूट उत्तम: ब्रिलियन्समध्ये धूर नाही, एडिटेडमध्ये थोडा, बोल्डमध्ये भरपूर. तिन्ही ४६ टक्क्यांच्या, एकाच डिस्टिलरीच्या, म्हणून फरक फक्त धुराचा कळतो. डिस्टिलरी दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला आहे.

गोव्यात कर कमी, बाटली स्वस्त. पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, सीमेवर गाड्या तपासतात. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही लागतो. परदेशातून येताना ड्यूटी फ्रीची मर्यादा माणशी २ लिटर. तिथल्या लिटरच्या बाटल्यांवर पुष्कळदा नुसतीच गोंडस नावं असतात, वय आणि पिंपाचा पत्ता नसतो. सवलतीला भुलू नका.

बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खातं. उन्हापासून लांब. काचेत व्हिस्की मुरत नाही. काकांनी १९९८ मध्ये दुबईहून आणलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे. ती फोडा. अर्ध्याखाली गेलेली बाटली मात्र वर्षभरात संपवा, आत हवा वाढली की वास मरतो.