एंट्रीचं गाणं निवडताना या चुका टाळा: बोहल्यापासून रिसेप्शनपर्यंत

मुहूर्त 12 वाजून 27 मिनिटांचा. नवरदेव बोहल्यावर, अंतरपाट धरलेला, गुरुजींची नजर घड्याळाकडे. दारात मामांचा हात धरून नवरी उभी आणि स्पीकरमधून नुसताच पाण्याचा झुळझुळाट. शब्द सुरू झाले की निघायचं, असं तिला सांगून ठेवलेलं; आणि शब्द यायला पाऊण मिनिट होतं. ती निघाली तोवर गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. तिचं आवडतं गाणं आणि मंगलाष्टक एकाच वेळी कानावर आदळत होतं. साऊंडच्या टेबलामागे मीच होतो. बोहल्यावर पोचली तेव्हा तिचे डोळे भरलेले मी पाहिले. तेव्हापासून गाणं कोणतं, हे विचारण्याआधी मी हॉलची लांबी विचारतो.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गाणं निवडलं जातं, पावलं मोजली जात नाहीत. जड शालू, बाजूला करवल्या, डोक्यावर फुलांची चादर. अशा थाटात 70 फूट चालायला मिनिट-सव्वा मिनिट लागतं. फोटोग्राफरने थांबवलं तर दीड. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यातलं एवढंच वाजणार. ज्या ओळीसाठी गाणं घेतलंय, ती पहिल्या वीस सेकंदांत यायला हवी. तिथून गाणं कापा आणि शेवटी दहा सेकंद आवाज हळूहळू उतरवा. मोबाईलवरच्या साध्या ॲपमध्येही हे जमतं. मग गच्चीवर अंतर आखून, साडी नेसून एकदा चालून बघा. मामांनाही बरोबर घ्या, कारण पुष्कळदा तेच भरभर चालतात.

मुहूर्ताची वेळ म्हणजे एंट्रीची वेळ, हा समजही काढून टाका. त्या मिनिटाला शेवटचं ‘सावधान’ होऊन अंतरपाट दूर व्हायचा असतो. घरातल्या कुणाकुणाला मंगलाष्टकं म्हणायची आहेत ते गुरुजींना आधी सांगा, एकूण किती वेळ लागेल ते विचारा आणि तिथून उलटं मोजत या. मंगलाष्टकं चालू असताना खाली बासरी-सतारीचं ‘बॅकग्राउंड’ तर नकोच. वाजंत्र्यांनी गलबला करू नये, हे आपल्या जुन्या मंगलाष्टकातच म्हटलेलं आहे! वाद्यांनी कडकडून वाजायचं ते अक्षता पडल्यावर.

सनई लावणार असाल तर आणखी एक. उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांचं रेकॉर्डिंग बरेच जण आणतात, ते पहिल्यापासून लावतात, आणि आलापीतच नवरी बोहल्यावर पोचते. आलाप पाहुणे येत असताना वाजू द्या. एंट्रीसाठी ठेका सुरू झाल्यानंतरचा भाग घ्या. दुपारच्या मुहूर्ताला सारंग शोभतो, संध्याकाळच्या रिसेप्शनला यमन किंवा भूप. भैरवीने मैफल संपते, ती पाठवणीसाठी राखून ठेवा. सनई-चौघड्याची मंडळी प्रत्यक्ष असतील तर त्यांच्यावर रेकॉर्ड चढवू नका. त्यांचा सूर वेगळा, रेकॉर्डचा वेगळा. दोन्ही मिळून कान किटतात. कोणत्या खुणेवर थांबायचं ते त्यांना आधी सांगा आणि त्यांची पंगत शेवटची ठेवू नका. पहाटेपासून फुंकत असतात ती माणसं.

रिसेप्शनला मोकळीक असते, म्हणून शब्दांकडे दुर्लक्ष होतं. ठेका नाचरा असतो आणि दुसऱ्या अंतऱ्यात नायक सोडून गेलेला असतो. पूर्ण गाणं वाचून काढा, निदान आजीच्या कानाने एकदा ऐका. आवाजाचंही तसंच: पहिल्या रांगेत वडीलधारे बसतात आणि मोठे स्पीकर नेमके त्यांच्या तोंडासमोर असतात. ते बाजूला वळवायला सांगा. उघड्या लॉनवर रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंदच करावा लागतो. पार्लरमध्ये तास वाढला की एंट्री तिथवर ढकलली जाते आणि ठरवलेलं सगळं घाईत उरकावं लागतं.

गाणी ऑनलाइन वाजवू नका. हॉलमध्ये नेट अडकतं, मध्येच जाहिरात येते, आणि ज्याचा फोन जोडलाय त्याला नेमका तेव्हाच केटररचा फोन येतो. पेनड्राइव्हवर फक्त लागणारी गाणी टाका, ‘01 नवरदेव’, ‘02 नवरी’ अशी नावं द्या. दुसरी प्रत विमान मोडवर टाकलेल्या फोनमध्ये ठेवा. सगळी गाणी हॉलच्या स्पीकरवर एकदा वाजवून बघा, कारण एक कुजबुजतं आणि पुढचं दणकतं. टेबलावरून दार बहुधा दिसत नाही, म्हणून दाराशी एक चुलतभाऊ उभा करा. त्याने हात वर केला की गाणं सुरू; घड्याळावर किंवा अंदाजावर नाही.

एवढं करूनही गाणं मध्येच बंद पडलं, तर नवरीला परत दारात नेऊ नका आणि गाणं पहिल्यापासून लावू नका. तिने चालत राहावं. सनईवाल्यांना आधीच सांगून ठेवलेलं असावं, की स्पीकर गप्प झाला की तुम्ही उचला. सनई नसेल तर एखाद्या गाणाऱ्या मावशीला तयार ठेवा. तिने जागेवरूनच ओवी धरली की बाकीच्या बायका आपोआप साथ देतात.