कॉम्प्युटरच्या बारीक केसमध्ये कूलर घेताना आधी पट्टी घ्या

सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यात कॉम्प्युटरची केस, म्हणजे बाहेरचा डबा, बारीक असला की प्रोसेसर तापणारच, म्हणून प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर मागवायच्या आधी साइड पॅनल उघडून प्रोसेसरच्या वरच्या पत्र्यापासून पॅनलच्या आतल्या बाजूपर्यंतचं अंतर पट्टीने मोजाच. फॅन धरून नॉक्टुआचा एनएच-एल९आय ३७ मिमी आहे, थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ ४७ मिमी. जागा असेल तर उंचवालाच घ्या, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या जास्त म्हणजे थंडावा जास्त, आवाजही कमी. पण पॅनलला फॅनसमोर जाळी हवीच हां, नुसता सपाट पत्रा असला तर फॅन तीच गरम हवा फिरवत बसतो. कूलर तुमच्या सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेला, जुळतो का ते आणि रॅमची उंचीपण बघा. आणि एवढ्याशा कूलरवर ६५ वॉटपर्यंतचाच प्रोसेसर बसवा, त्यावरचा नको.