सर्जच्या वेळी अर्थिंग जमिनीत कसे वागते आणि ते कसे करावे

अर्थ टेस्टरवर दिसणारा ओहमचा आकडा वीज पडते त्या क्षणी जसाच्या तसा लागू होत नाही, हे आखणीपूर्वीच ध्यानात घ्यावे. टेस्टर अल्प आणि कमी वारंवारतेचा प्रवाह सोडून रोध मोजतो. पडणाऱ्या विजेचा प्रवाह मात्र काही मायक्रोसेकंदांत हजारो अँपिअरवर पोहोचतो; अशा अचानक उसळणाऱ्या प्रवाहालाच सर्ज म्हणतात.

100 ओहम-मीटर रोधकतेच्या (माती प्रवाहाला किती अडवते त्याचे माप) जमिनीत 16 मिलिमीटर व्यासाची 3 मीटर लांब सळई उभी पुरली, तर तिचा रोध सुमारे 33 ओहम येतो. तिच्यातून 30 किलोअँपिअरचा सर्ज गेला की सळईलगतचे विद्युत क्षेत्र दर मीटरला 300 ते 400 किलोव्होल्टच्या पुढे जाते, मातीच्या कणांमधल्या हवेत ठिणग्या उडतात आणि त्या भागातली माती वाहक होते. सळई जणू जाड होते. प्रचलित सूत्राने तिचा रोध त्या क्षणापुरता 13 ओहमच्या आसपास उतरतो. तरीही त्या वेळी सळईवर सुमारे 400 किलोव्होल्ट असतातच. शिवाय प्रवाह अनेक सळयांत किंवा मोठ्या जाळीत विभागला की हा परिणाम जवळजवळ उरत नाही, म्हणून आखणीत त्याचा आधार घेऊ नये.

खरी अडचण बहुधा वीजरोधकापासून (पडणारी वीज झेलणाऱ्या साधनापासून) जमिनीपर्यंत येणाऱ्या तारेची असते. सरळ तारेचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) दर मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री धरतात. प्रवाह मायक्रोसेकंदाला 10 किलोअँपिअरने वाढत असेल, तर प्रत्येक मीटरवर 10 किलोव्होल्टचा दाब उभा राहतो. मीठ-कोळसा घालून टेस्टरचा आकडा खाली आणता येतो, पण त्याने तारेची लांबी घटत नाही, आणि मीठ धातूला गंजवते ते वेगळेच. यासाठी खाली येणारी तार आखूड व सरळ ठेवावी, तिला तीव्र वळणे देऊ नयेत आणि उरलेली तार गुंडाळून तर मुळीच ठेवू नये.

याच कारणाने जमिनीत एकच लांब पट्टी टाकणे फायद्याचे नसते, कारण ठरावीक अंतरानंतरच्या पट्टीपर्यंत सर्जच्या सुरुवातीचा प्रवाह पोहोचतच नाही. त्याऐवजी तार जमिनीत उतरते तिथूनच तीन-चार आखूड पट्ट्या वेगवेगळ्या दिशांना न्याव्यात. सळया एकमेकींपासून निदान त्यांच्या लांबीइतक्या, शक्य असल्यास दुप्पट अंतरावर रोवाव्यात.

वीजरोधक, वीजपुरवठा आणि दूरसंचार यांची अर्थिंगे एकमेकांना जोडलेलीच हवीत. ती वेगळी ठेवली तर त्यांच्यातला दाबाचा फरक उपकरणांमधून वाट काढतो.