कुजकी चिंच पाडण्याआधी एक वही घ्या

पाऊस लागायच्या आत वावरातलं ढोलीचं झाड पाडायचं असेल, तर आधी वही आणि पेन काढा. आरा, दोरखंड, कुऱ्हाड नंतर. गेल्या मे महिन्यात काटोलकडच्या आमच्या धुऱ्यावरची पोखरलेली चिंच कापली, तेव्हा बाकी सगळं होतं, वही नव्हती.

परवानगीचं आधी बघा. चिंच, जांभूळ, मोह, आंबा ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. वावर स्वतःचं असलं तरी अर्ज करावाच लागतो.

आता वहीत काय लिहायचं ते. तारीख. झाड कोणतं. ढोली होती का, आत कुजका भुगा होता का. आणि तिथं कोण कोण उभं होतं, नावानिशी, बघायला आलेल्या पोरांसकट. हे लिहायचं कारण असं की ढोलीतल्या कुजक्या लाकडात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असू शकते. १९९० साली ऑस्ट्रेलियात ती निलगिरीवर सापडली. आपल्या देशात चिंच, जांभूळ, कडुनिंबाच्या ढोल्यांतही मिळाली आहे. भुग्यासोबत ती श्वासातून फुफ्फुसात जाते. बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतं, त्यांची लक्षणं कित्येकदा काही महिन्यांनी येतात, तोवर झाड कोणाच्या डोक्यातही नसतं. म्हणून तारीख लिहा.

आमच्या मोठ्या बाबांचं डोकं दिवाळीत दुखायला लागलं. सायनसच्या गोळ्या झाल्या, चष्म्याचा नंबर झाला, टायफॉइडची तपासणी झाली. नागपूरला एका डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, ‘कुजकं लाकूड, कबुतरांची विष्ठा, असं काही हाताळलं होतं का?’ मी ‘नाही’ म्हणालो. मे महिना मला आठवलाच नाही. तीन आठवडे त्यात गेले. शेवटी पाठीतून पाणी काढलं तेव्हा मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग निघाला. आधी अँफोटेरिसिनच्या सलाइन, मग कित्येक महिने गोळ्या. डाव्या डोळ्यानं त्यांना अजून अंधुक दिसतं. वही असती तर त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणालो असतो. लिहा, कृपा करून लिहा.

मास्क एन-९५ च हवा, नाकाशी घट्ट दाबून. उन्हासाठी बांधतो तो दुपट्टा इथं चालत नाही, कितीही घड्या घाला. ढोलीवर आधी भरपूर पाणी मारा, भुगा ओला झाल्यावरच आरा चालवा, आणि अधूनमधून पुन्हा मारा. गडीमाणसांनाही मास्क द्या; आरा त्यांच्या हातात असतो, म्हणजे सगळ्यात जास्त भुगा त्यांच्याच नाकात जातो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेणारे, किडनी बदललेले, कॅन्सरचं औषध चालू असलेले, एचआयव्ही असलेले, यांना त्या दिवशी वावरात येऊ देऊ नका. ‘लांब बसतो’ म्हटलं तरी नाही. धडधाकट माणसालाही हा आजार होतो, पण यांना धोका कितीतरी जास्त.

कोठ्याच्या माळ्यावर कबुतरांची विष्ठा साचली असेल तर तिथंही हेच: पाणी, मास्क, तारीख. तिच्यातही याच जातीची बुरशी वाढते.

काम झालं की आंघोळ, कपडे वेगळे धुवा. कुजका भुगा ओल्या पोत्यात भरून घरापासून दूर पुरा, अंगणात पसरू नका.

पुढचं वर्षभर कोणाचं डोकं आठवडाभर दुखत राहिलं, ताप किंवा खोकला हटला नाही, मान ताठली, दोन-दोन दिसायला लागलं, तर वही घेऊन डॉक्टरकडे जा आणि क्रिप्टोकॉकल अँटिजेनची तपासणी करायची का, ते विचारा. घरातल्या कोणाला आजारी माणसाजवळ जायची भीती वाटली तर सांगा, हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

वही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा, आणि ती तिथं आहे हे घरात आणखी एकाला सांगून ठेवा.